चार शीटांच्या कोपऱ्यावरचे गाव : शिंदखेड्याचे रेल्वे-नकाशे आणि वाचनाचा प्रश्न

नकाशा ही एक संहिता आहे आणि इतर संहितांप्रमाणे तिचेही वाचन करता येते, हा विचार आपल्या समीक्षेला आता अपरिचित राहिलेला नाही. जे. बी. हार्ली यांनी १९८९ साली 'डीकन्स्ट्रक्टिंग द मॅप' या निबंधात फुको आणि देरिदा यांच्या आधारे नकाशाच्या वस्तुनिष्ठतेच्या दाव्यावर प्रश्नचिन्ह उभे केले. बेनेडिक्ट अँडरसन यांनी 'इमॅजिन्ड कम्युनिटीज'च्या १९९१ च्या सुधारित आवृत्तीत जनगणना, नकाशा आणि वस्तुसंग्रहालय या तीन संस्थांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. मॅथ्यू एडनी यांचा भारतातील ब्रिटिश सर्वेक्षणांवरील ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाला. या सर्व लेखनाचा परिणाम म्हणून 'नकाशा म्हणजे सत्तेचे हत्यार' हे विधान आपल्याकडेही सहजपणे केले जाऊ लागले. मात्र सहजपणे केल्या जाणाऱ्या विधानांचा एक तोटा असतो. ती सर्वच नकाशांना सारखीच लागू पडतात आणि त्यामुळे एखादा विशिष्ट नकाशा समोर पसरून पाहण्याची गरज उरत नाही. प्रस्तुत निबंधात ही गरज पुन्हा जागी करण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी निवडलेले स्थळ मोठे नाही : धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा आणि त्या तालुक्यातून गेलेला तापी खोऱ्याचा लोहमार्ग.

१

शिंदखेडा नकाशावर पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला पहिलीच अडचण येते ती कागदाची. १९०५ नंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने स्थलनिर्देशक नकाशांची जी नवी मांडणी स्वीकारली, तीत उपखंडाचे चार अंश लांबी-रुंदीचे चौकोन पाडण्यात आले आणि त्यांना क्रमांक देण्यात आले. खानदेशाचा बहुतेक भाग ४६ क्रमांकाच्या चौकोनात येतो. या चौकोनाचे पुन्हा एकेक अंशाचे सोळा भाग केले जातात; त्यांना रोमन वर्णमालेतील 'ए'पासून 'पी'पर्यंतची अक्षरे मिळतात. अशा प्रत्येक अंश-चौकोनाचे पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे म्हणजे एक इंचास एक मैल या प्रमाणावरची, आणि दशमान पद्धतीनंतर १ : ५०,००० या प्रमाणावरची शीटे. शिंदखेडा '४६ के'मध्ये आहे. परंतु गावाच्या अगदी जवळून ७४ अंश ४५ मिनिटे हे रेखावृत्त आणि २१ अंश १५ मिनिटे हे अक्षवृत्त जाते, आणि या दोन्ही शीटांच्या कडा आहेत. परिणामी गावाचा सभोवार पाहावयाचा तर '४६ के'ची ११, १२, १५ आणि १६ अशी चार शीटे एकमेकांस जोडून ठेवावी लागतात.

तालुक्याच्या गावाचे ज्या गावांशी नित्याचे व्यवहार आहेत, तीही अशीच विखुरलेली आहेत. जिल्ह्याचे ठाणे असलेले धुळे एकविसाव्या अक्षवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने '४६ एल'मध्ये जाते. याच लोहमार्गावरचे, प्रताप मिलचे आणि तत्त्वज्ञान मंदिराचे अमळनेर पंचाहत्तराव्या रेखावृत्ताच्या पूर्वेस असल्याने '४६ ओ'मध्ये जाते. बुराईच्या काठचा मनुष्य धुळ्यास कचेरीच्या कामाला जातो, अमळनेरास सोयरिकीसाठी जातो. नकाशावर मात्र तो दर वेळी कागद ओलांडत असतो.

हा केवळ योगायोग आहे, असे कोणी म्हणेल आणि ते खरेच आहे. अक्षांश-रेखांशांनी शिंदखेड्याविरुद्ध कट केलेला नाही. मुद्दा निराळा आहे. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने (स्थापना १८७९) आपल्या स्थलनिर्देशक नकाशांना त्या त्या शीटमधील ठळक गावाची अथवा भूरूपाची नावे दिली. अपलाचियन डोंगरांतील कोळशाच्या खाणींशेजारची, रेल्वेच्या फाट्यावर वसलेली लहानशी वस्तीही त्यामुळे एखाद्या शीटचे शीर्षक होऊ शकते. आपल्याकडे शीटाची ओळख मुख्यतः क्रमांकाने होते. क्रमांक सर्व स्थळांना समान लेखतो, आणि म्हणूनच कोणत्याही स्थळाला केंद्र मानीत नाही. ज्याला या गावात केंद्र दिसते तो माणूस त्या पद्धतीच्या बाहेरचा असतो. शीटाच्या समासात शेजारच्या शीटांची लहानशी आकृती छापलेली असते. वाचकाला 'हा मजकूर येथे संपत नाही' असे सांगणारी ती एकच जागा, आणि बहुतेक वाचक ती पाहत नाहीत.

२

आता या चार शीटांवरून वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी ठळक काळी रेषा पाहू. ब्रॉडगेज लोहमार्गासाठी हे चिन्ह वापरले जाते. दोंडाईचा, विखरण, शिंदखेडा, होळ, नरडाणा, बेटावद ही या रेषेवरची तालुक्यातील स्थानके. तापी व्हॅली रेल्वे या कंपनीने सुरत ते अमळनेर हा मार्ग बांधला आणि १९०० साली तो पूर्णपणे खुला झाला. कंपनीचे व्यवस्थापन किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीकडे होते. गाड्या चालविण्याचे काम बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे करीत असे. अमळनेरच्या पुढे जळगावपर्यंतचा फाटा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा होता. खानदेशचा कापूस हे या मार्गाचे प्रमुख प्रयोजन होते. मार्ग पुरा होत असताना प्रदेशात छपन्नाचा दुष्काळ चालू होता, हेही विसरता येत नाही.

नकाशावर ही रेषा स्वाभाविक वाटते. दक्षिणेकडील डोंगर टाळून, तापीशी अंतर राखून ती खोऱ्याच्या सपाटीवरून जाते. समोच्चरेषा जणू तिला वाट करून देतात. येथेच नकाशाचे वक्तृत्व सुरू होते. निसर्ग आणि व्यापार यांचे साहचर्य एकाच दृष्टिक्षेपात दाखविल्यामुळे त्या साहचर्यामागचा निर्णय अदृश्य होतो. तो निर्णय पाहावयाचा असेल तर रेषेकडे न पाहता, रेषा जेथे नाही तेथे पाहिले पाहिजे.

त्याच १९०० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा चाळीसगाव-धुळे हा फाटाही सुरू झाला. तो धुळ्यास येऊन थांबला. उत्तरेस तीस-पस्तीस किलोमीटरवर नरडाण्याहून तापी खोऱ्याचा मार्ग जात होता. दोहोंमध्ये सोनगीरचा किल्ला आणि मुंबई-आग्रा रस्ता. रस्ता पूर्वीपासून चालू होता, सपाटी होती, व्यापार होता. लोहमार्ग तेवढा नव्हता. एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यात दोन लोहमार्ग आले आणि ते एकमेकांना भेटले नाहीत. कारण एकाचे तोंड कल्याणमार्गे मुंबई बंदराकडे होते, तर दुसऱ्याचे सुरतेकडे. धुळे आणि शिंदखेडा यांना परस्परांशी जोडणे ही दोन्ही कंपन्यांपैकी कोणाचीच गरज नव्हती.

नकाशावर ही पोकळी दिसत का नाही? एकविसावे अक्षवृत्त नेमके या पोकळीतून जाते. धुळ्याचे अंतिम स्थानक एका शीटावर, नरडाणा दुसऱ्या शीटावर. प्रत्येक शीट आपापल्या परीने पूर्ण आहे. उणीव आहे ती दोन कागदांच्या दरम्यान. जो अभ्यासक एकच शीट हाती घेईल, त्याच्या दृष्टीने ही उणीव अस्तित्वातच येत नाही. तापी व्हॅली रेल्वे १९४२ साली सरकारने विकत घेतली, १९५१ साली हा मार्ग पश्चिम रेल्वेत आला, तर धुळ्याचा फाटा मध्य रेल्वेत गेला. कंपन्या गेल्या तरी विभागणी राहिली. उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण १६ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले, त्याच दिवशी धुळे-नरडाणा या नव्या मार्गाची कोनशिला बसविण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गास मंजुरी दिली. धुळे-नरडाणा हा दुवा याच दिशेचा आहे. १९०० साली सोडलेली कोरी जागा भरण्याचा संकल्प एकविसाव्या शतकात झाला. वसाहतवाद संपला म्हणजे त्याचा नकाशा आपोआप बदलतो असे नाही. कित्येकदा स्वतंत्र राज्यव्यवस्था त्याच कागदावर पुढची रेघ ओढते.

३

रेषेनंतर नावाकडे वळू. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या खानदेश गॅझेटिअरमध्ये शिंदखेडा नावाचा तालुका आढळत नाही. तेथे 'विरदेल' असा विभाग आहे. त्याची कचेरी मात्र शिंदखेड्यास. नाव एका गावाचे आणि कारभार दुसऱ्या गावाचा, अशी ही स्थिती होती. पुढे तालुक्यालाही शिंदखेड्याचेच नाव मिळाले आणि विरदेल हे एक खेडे म्हणून उरले. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा शिंदखेडा पश्चिम खानदेशात राहिला. नंतरच्या स्थलनिर्देशक शीटावर नावांच्या अक्षरांचे आकार पाहिले की कोणते गाव मोठे आणि कोणते लहान हे कळते. मात्र एकेकाळी अख्ख्या विभागाला ज्याचे नाव होते ते गाव कोणते, हे अक्षरांचा आकार सांगत नाही. नकाशा नेहमी वर्तमानकाळात बोलतो; त्याच्या व्याकरणात भूतकाळाचे रूप नाही.

गावाच्या नावाला इतिहासाचे साधन मानण्याची दृष्टी आपल्याकडे बाहेरून आलेली नाही, हे येथे आवर्जून नोंदवावयास हवे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांनी 'महाराष्ट्राचा वसाहतकाल' या प्रबंधात ग्रामनामांवरून वसाहतीचा इतिहास उभा करण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या व्युत्पत्ती आज सर्वच मान्य होणार नाहीत. परंतु गावाचे नाव ही लिहिलेली गोष्ट असून ती वाचावी लागते, ही त्यांची भूमिका हार्लींच्या कितीतरी आधीची आहे. 'शिंदखेडा' या नावात शिंदीचे झाड आणि खेडे असे दोन शब्द ऐकू येतात. रोमन लिपीत 'सिंदखेडा' असे लिहिले गेल्यावर शिंदीचा 'श' गेला, आणि झाडही गेले. धुळ्याचे 'धुलिया' झाले. अहिराणीत 'ळ'चा उच्चार 'य'कडे झुकतो. तिथल्या माणसाच्या तोंडचे 'धुये' हे रूप ना रोमन नकाशाने टिपले, ना प्रमाण मराठीतल्या पाटीने.

१९०७ साली ग्रीअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग प्रसिद्ध झाला. त्यात खानदेशीची मांडणी भिल्ली भाषांसोबत केलेली आहे. म्हणजे लोहमार्गानंतर अवघ्या सात वर्षांत या प्रदेशातील बोलीही एका शीटावर आली. ती मराठीच्या शीटावर आली नाही याविषयी आपल्याकडे पुष्कळ वाद झाले. पण शीट कोणते, या वादात शीट का, हा प्रश्न बाजूला पडला. ज्या भाषेचा शेजार एकीकडे गुजरातीशी, दुसरीकडे मराठीशी आणि तिसरीकडे भिल्लीशी आहे, ती शिंदखेड्याप्रमाणेच कागदांच्या कोपऱ्यावर राहते.

४

आतापर्यंत स्थलनिर्देशक नकाशाविषयी बोललो. परंतु शेतकऱ्याच्या आयुष्यात जो नकाशा येतो तो हा नव्हे. तो महसुली मोजणीतून निघालेला गावनकाशा होय. शंकू आणि साखळी घेऊन केलेली ही मोजणी. तेहतीस फुटांच्या साखळीचे सोळा आणे, साखळीभर लांबी-रुंदीचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. १८५२ साली या मोजणीला खानदेशात तीव्र विरोध झाला. एरंडोल, सावदा, फैजपूर या भागातील रयत सर्वेक्षणाविरुद्ध उठली आणि सरकारला फौज पाठवावी लागली. नकाशाची संहिता लिहिली जात असतानाच तिच्या 'वाचकांनी' तिला घेतलेला हा आक्षेप. तो कोणत्याही सिद्धान्तातून आलेला नव्हता. साखळी शेतात पडली की सारा ठरतो, हे रयतेला ठाऊक होते.

या दोन नकाशांनी जमिनीची विभागणी आपसांत वाटून घेतली आहे. स्थलनिर्देशक शीट विहिरी, झाडी, नाले, पायवाटा, देवळे दाखविते. पण शेत कोणाचे हे सांगत नाही. गावनकाशा सर्व्हे नंबर आणि बांध दाखवितो. पण उंचसखलपणा आणि झाडे यांविषयी जवळजवळ मौन पाळतो. लोहमार्गाने एखादे शेत मधोमध कापले, तर पहिल्या नकाशावर एक रेषा येते आणि दुसऱ्यावर एका नंबराचे दोन तुकडे होतात. बैल फाटकावरून हाकायचे की मोरीखालून, पावसाळ्यात भरावाच्या कोणत्या बाजूला पाणी तुंबते, हे दोहोंपैकी कोणताच नकाशा सांगत नाही. तसेच लाल रंगाने भरलेल्या गावठाणात भिलाटी कोठे आणि पाटलाचा वाडा कोठे, हेही कळत नाही. गाव एकजिनसी तांबडा ठिपका होऊन बसते.

मात्र येथेच हार्लींच्या अनुयायांशी मतभेद नोंदविणे आवश्यक आहे. नकाशाचे मौन म्हणजे केवळ दडपणूक, असे धरून चालल्यास त्या मौनाचा उपयोग लोकांनी कसा केला, हे दिसत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे मोटारीने जाणारा सरकारी खजिना याच तालुक्यातील चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला; सुमारे साडेपाच लाख रुपये त्यांच्या हाती आले. जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी, डॉ. उत्तमराव पाटील या मंडळींचे सातारच्या प्रतिसरकारशी आणि खानदेशातील चळवळीशी असलेले नाते सर्वश्रुत आहे. धुळे-नंदुरबार हा थेट लोहमार्ग नसल्यामुळे खजिना रस्त्याने जावा लागे. वर ज्या कोऱ्या जागेचा उल्लेख केला, तीच ही जागा. कंपन्यांनी सोडलेल्या पोकळीत इंग्रजी राज्याचा पैसा उघड्यावर आला. एडनी यांनी दाखविल्याप्रमाणे, सर्वत्र सारखीच नजर ठेवणारे सर्वेक्षण हे साम्राज्याचे स्वप्न होते. प्रत्यक्षात ते तडजोडींनी भरलेले होते. चिमठाणे हे त्या स्वप्नातले एक भोक होय.

५

या विवेचनाचा साहित्यसमीक्षेशी संबंध काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. तो संबंध दुहेरी आहे. एक तर आपली वाङ्मयेतिहासाची मांडणीही शीटांनी केलेली असते. निसर्गकविता, ग्रामीण, प्रादेशिक, लोकवाङ्मय, देशी ही आपली अक्षरे आणि क्रमांक. धरणगावात १८९० साली जन्मलेले बालकवी आपण 'निसर्गकवी' या शीटावर ठेवले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा मृत्यू झाला, ही गोष्ट मग चरित्राच्या समासात जाते. ज्या खानदेशात लोहमार्ग आणि जिनिंगचे कारखाने उभे राहत होते, त्याच खानदेशातून ही कविता आली, हा प्रश्न दोन शीटांच्या दरम्यान पडून राहतो. आसोद्याच्या बहिणाबाईंना 'लोककवी' या शीटावर ठेवले की, त्यांचे गाव जळगावसारख्या रेल्वेच्या आणि कापसाच्या पेठेलगत आहे, हे अनावश्यक ठरते. वर्गीकरण करू नये, असे म्हणावयाचे नाही. त्याशिवाय अभ्यास होत नाही. परंतु प्रत्येक वर्गाच्या समासात शेजारच्या शीटांची आकृती छापलेली असावी आणि वाचकाने ती पाहावी, एवढी अपेक्षा बाळगता येईल.

दुसरा संबंध अधिक निकडीचा आहे. दोंडाईच्याजवळच्या विखरण येथील धर्मा पाटील या वयोवृद्ध शेतकऱ्याची जमीन वीजप्रकल्पासाठी संपादित झाली. मोबदला अपुरा असल्याची त्यांची तक्रार होती. शेतातल्या आंब्याच्या झाडांचे मूल्यांकन हा तिचा एक भाग होता. कचेऱ्यांत फेऱ्या घालून थकल्यावर २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीस त्यांचे निधन झाले. या घटनेला नकाशावाचनाचे उदाहरण करून टाकणे अनुचित होईल. तरीही एवढे म्हणणे भाग आहे : झाड एका कागदावर असते, मालकी दुसऱ्या कागदावर, पीकपाहणी तिसऱ्यावर आणि मोबदल्याचा हिशेब चौथ्यावर. हे कागद एकत्र ठेवून वाचण्याचे ओझे मात्र ज्याला ते वाचता येणे सर्वांत कठीण, त्याच्यावर पडते. संहिता, वाचन, मौन हे शब्द आपण सैद्धान्तिक चर्चेत मोकळेपणाने वापरतो. शिंदखेडा तालुक्यात त्यांची किंमत अशी मोजली गेली आहे.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या धोरणानंतर भूस्थानिक माहितीवरील पूर्वीचे बरेच निर्बंध सैल झाले. जुनी शीटे मिळविणे अभ्यासकाला पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. स्थानिक महाविद्यालयांतील मराठी आणि इतिहास विभागांनी आपापल्या तालुक्याची शीटे, गावनकाशे आणि वृद्धांच्या तोंडची शेतांची नावे एकत्र आणण्याचे काम हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. सर्व्हे नंबर गेला, एकत्रीकरणानंतर गट नंबर आला. परंतु शेताला घरात ज्या नावाने हाक मारली जाते ते नाव कोणत्याही नंबरात नाही, आणि ती पिढी आता फार दिवस असणार नाही.

काम साधे आहे. चार शीटे टेबलावर कडेला कड लावून ठेवावीत. वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या असतील तर एका कागदावरची वाट दुसऱ्या कागदावर पुढे जाणार नाही; एका कडेशी ती तुटलेली दिसेल. त्या तुटलेल्या वाटेचे पुढे काय झाले, हे विचारायला मग शिंदखेड्यालाच जावे लागेल.